सार्वजनिक पंपाचा ठराव

दुपारी अडीचला मी लालबागच्या एका चाळीच्या दारात उभा होतो आणि माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती. कॅरियरवर हँडबिलांचे दोन गठ्ठे होते. शाई अजून हाताला लागत होती. साडेतीनला गिरण्यांची पहिली पाळी सुटते. त्याआधी एक गठ्ठा परळच्या गेटवर आणि दुसरा डिलाईल रोडच्या गेटवर पोचायला हवा होता. आमच्या पथकात सायकली सहा आणि पंप एक. तो पंप त्या दिवशी वडाळ्याला गेलेला.

ही व्यवस्था कोणी केली होती? मी. आणि लेखी.

मी फणसवाडीतल्या एका छापखान्यात 'बाहेरचा माणूस' आहे. आत शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर, पायाने ट्रेडल मशीन चालवणारा मशीनमन, आणि बाहेर मी. गिऱ्हाइकाकडे प्रूफ न्यायचं, म्हणजे छापण्याआधी चुका बघायला काढलेला कागद. त्याने केलेल्या खुणा घेऊन परत यायचं. ब्लॉकवाल्याकडून ब्लॉक, म्हणजे चित्राचा ठसा, आणायचा. गिरगाव ते दादर दिवसातून दोनदा, कधी तीनदा. सायकल प्रेसची, तंगड्या माझ्या.

संध्याकाळी तीच सायकल संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची, पत्रकं वाटणाऱ्या आमच्या सहाजणांच्या पथकाची. आमच्या प्रेसचे मालक, नाना, याकडे कानाडोळा करतात असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. नाना डोळे उघडे ठेवून बघतात आणि म्हणतात, "वसंता, राज्य मिळव, पण सोमवारचं प्रूफ सोमवारीच गेलं पाहिजे."

गेल्या वर्षापासून एक नवा प्रकार सुरू झाला. आम्ही सायकली सभेबाहेर लावायच्या, आणि सभा आटोपून येऊन बघावं तर चाकं बसलेली. आमच्या विरोधातल्या मंडळींचं काम. ती कोण हे आम्हाला ठाऊक होतं आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यांना. ज्याला आमच्या पत्रकाला उत्तर लिहिता येत नाही तो आमच्या व्हॉलला हात घालतो. व्हॉल म्हणजे ट्यूबच्या तोंडाशी असते ती पितळी नळी. तिच्यावर बारीक रबर चढवलेलं असतं, म्हणून हवा आत जाते आणि बाहेर येत नाही. तो काढून गटारात फेकला की माणूस पायी.

तेव्हा पंप घ्यायचा ठरला. मला आणि शांतारामला चौकशीला पाठवलं. शांताराम लालबागला राहतो, गिरणीत टाइमकीपरच्या हाताखाली कारकून आहे, मालवणचा. आम्ही डिलाईल रोडला कांबळेदादांच्या सायकलच्या दुकानात गेलो. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर, तिच्याखाली टांगलेली चाकं, आणि त्याखाली दादा स्टुलावर बसून एका चाकाचे आरे ताणत होते. त्यांनी हात पुसले आणि फळीवर तीन पंप मांडले.

पहिला उभा पंप. खाली लोखंडी पाया. त्यावर आपण पाय द्यायचा आणि दोन्ही हातांनी दांडा दाबायचा. वीस-पंचवीस दणक्यांत चाक टणक. वजन वरवंट्याचं.

दुसरा वीतभर लांब, चकचकीत, खिशात मावणारा.

तिसरा पत्र्याचा, काळा, हातभर लांब. दिसायला काही नाही. सायकलच्या दांडीखाली दोन खुंट्या असतात, त्यांच्यामध्ये तो दाबून बसवायचा. मुठीत स्प्रिंग असते, त्यामुळे खड्ड्यातही पडत नाही.

"खिशातला घेतलात तर दोनशे वेळा मारा," दादा म्हणाले. "हवेपेक्षा घाम जास्त निघेल. उभा चांगला, पण तो दुकानात. दुकान कोणी कॅरियरवर बांधून नेत नाही. तुम्ही हा पत्र्याचा घ्या. ज्याच्या त्याच्या सायकलला एक. महिन्यातून एकदा आत तेलाचा थेंब सोडा. आत कातड्याचा वायसर असतो, वाटीसारखा. तो सुकला की पंप नुसता सुस्कारे टाकतो."

"आम्ही रविवारी बैठकीत विचार करू," मी म्हणालो.

"आधी तिन्हींनी एकेक चाक भरून बघा. हे बघा, सायकल इथंच आहे."

"दादा, निर्णय पथक घेतं. आम्ही दोघांनी इथे घेतला तर ती मनमानी झाली."

दादांनी पुन्हा आरे ताणायला घेतले. शांताराम तिसरा पंप हातात घेऊन उलटासुलटा बघत होता. मी त्याला ओढून बाहेर काढलं.

रविवारी लालबागच्या व्यायामशाळेत बैठक झाली. सहाच्या सहा हजर. मी बोललो. अर्धा तास बोललो असं म्हणतात, मला तसं वाटलं नाही. मी म्हणालो, आपण एका राज्यासाठी लढतो आहोत आणि पंप मात्र ज्याचा त्याचा? आज माझा पंप, उद्या माझा रस्ता, परवा माझी मुंबई. हवा ही कोणा एकाची मिरास नाही. पथक एक, पंप एक, आणि तो सगळ्यांत दमदार, म्हणजे उभा. पाळीपाळीने प्रत्येकाने वाहावा.

लीलाताई दादरच्या शाळेत शिकवतात आणि लेडीज सायकलवर येतात. त्यांनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा नाही, मुलांचा गोंगाट थांबवायला बाई करतात तसा.

"वसंतराव, हा पंप कॅरियरवर बांधला की पत्रकं कुठे ठेवायची?"

"त्या दिवशी त्या सायकलवर पत्रकं नाहीत. ती पंपाची पाळी."

"म्हणजे सहा सायकलींत पाच सायकलींचं काम."

"त्याला त्याग म्हणतात, लीलाताई."

"बरं. आणि माझी हवा दादरला गेली आणि त्याग गिरगावात असला तर?"

"ते पाळीच्या तक्त्यात बसवू."

शांताराम म्हणाला, "वश्या, ता काय पंप नाय रे. तोफ आसा ती. माझ्या खाटल्याखाली तरी मावात काय ती?" सगळे हसले. मी हसलो नाही. गंभीर प्रश्नावर हसणाऱ्यांचा मला राग येतो, अजूनही येतो.

मतं पडली. चार विरुद्ध दोन. पण आमच्याकडे रीत अशी, की ठराव झाला की तो एकमताने नोंदवायचा. फूट दिसली तर विरोधकांचं फावतं. म्हणून मी वहीत 'एकमताने मंजूर' लिहिलं आणि लीलाताईंनी त्याखाली सही केली. त्यांचं अक्षर सुरेख आहे.

दुसरं कलम माझं स्वतःचं, मला त्याचा अभिमान होता: पथकातील कोणीही खाजगी पंप बाळगू नये, तसे करणे म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेवर अविश्वास दाखवणे होय. पंपावर मी तांबड्या रंगात 'सार्वजनिक' लिहिलं. पाळीचा तक्ता प्रेसमध्ये उरलेल्या कार्डांच्या तुकड्यांवर छापला. त्याच्या मागच्या बाजूला 'श्रीगणेशाय नमः' होतं, कारण ती कार्डं लग्नपत्रिकेची.

आता त्या दिवशी काय झालं ते.

संध्याकाळी परळच्या मैदानात सभा होती. सकाळी कळलं की परवानगी नाकारली. का नाकारली? कारण लोक येणार होते. दुसरं कारण नव्हतं. आम्ही सभा डिलाईल रोडवरच्या एका चाळीच्या पटांगणात हलवली. पटांगण खाजगी, तिथे कोणाची परवानगी लागत नाही. पण हे लोकांना कळायला हवं. नाहीतर पाळी सुटून माणसं परळच्या मैदानावर जातील, कुलूप बघून घरी जातील, आणि उद्या विरोधक म्हणतील की संयुक्त महाराष्ट्राला माणसं उरली नाहीत. आमची खरी भीती तीच होती.

मी नानांपुढे कागद ठेवला.

"किती वेळात?" नाना म्हणाले.

"एकपर्यंत."

"मशीनवर परबांची लग्नपत्रिका चढायची आहे."

"नाना, एक दिवस."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "हँडबिल छापतो. पण परबांचं प्रूफ तू जाता जाता लालबागला देणार आणि त्यांची सही घेऊन येणार. त्या पोरीचं लग्न तुमच्या राज्यासाठी थांबणार नाही."

एकला म्हटलेलं दीडला संपलं. छापखान्यात एक म्हणजे दीडच. वडाळ्याच्या रेल्वे यार्डातल्या लोकांना निरोप द्यायला शांताराम आधीच गेला होता. तक्त्याप्रमाणे त्या दिवशी पंपाची पाळी त्याची. मी गठ्ठे बांधून भायखळ्यावरून निघालो. लीलाताई परळ नाक्यावर अडीचला भेटणार होत्या. त्यांनी परळचा गठ्ठा घ्यायचा आणि मी तसाच पुढे डिलाईल रोडला.

लालबागला परबकाका दुसऱ्या मजल्यावर. मी गठ्ठे खाली कॅरियरवरच ठेवले आणि वर गेलो. दोन मिनिटांचं काम. परबकाकांनी प्रूफ हातभर लांब धरून वाचलं.

"मामाचं नाव बारीक दिसतंय."

"काका, सगळ्यांची एकाच टाइपात आहेत."

"तेच म्हणतोय. मामा बोटीवर आहे. सुट्टी काढून येतोय. त्याला जरा मोठा करा."

"करतो. सही करा."

"आणि आत्याच्या यजमानांना?"

मामा मोठे झाले, आत्याचे यजमान तसेच राहिले, चहा आला, मी तो बशीत ओतून उभ्याउभ्या संपवला. खाली आलो तेव्हा गठ्ठे जागेवर होते आणि चाकं जमिनीला टेकली होती. एक व्हॉल गटाराच्या कडेला सापडला, दुसरा कचऱ्यात. दोन्हींवरचं रबर फाटलेलं. गठ्ठ्यांना कोणी हात लावला नव्हता. तेवढी हिंमत नसते, लोक बघतात.

नाक्यावर सायकलवाला होता. तो पंप आत टाकून, फळीला कुलूप घालून जेवायला गेला होता. "साडेतीनला येईल," शेजारचा पानवाला म्हणाला. ट्राम आली. कंडक्टरने दोन गठ्ठे आणि माझा चेहरा बघितला आणि मानेनेच नाही म्हटलं. तेव्हा मी सायकल ढकलत परळकडे निघालो. बिनहवेची, भार लादलेली सायकल ढकलणं म्हणजे आजारी बैल ओढणं. कॅरियर हलकं ठेवावं म्हणून एक गठ्ठा डोक्यावर घेतला. हिशेब सोपा होता. असा मी साडेतीनला फार तर परळला पोचणार. डिलाईल रोडचं गेट कोरडं राहणार, आणि तिथली माणसं नव्या सभेच्या दारावरून चालत जुन्या मैदानाकडे जाणार.

मी वडाळ्याचा विचार करत होतो. त्या यार्डात आमचा दमदार पंप उभा असेल, तांबड्या अक्षरांत, आणि त्याला कोणी विचारतही नसेल.

परळ नाक्याच्या अलीकडे समोरून लेडीज सायकल आली. लीलाताई पाव तास वाट बघून शोधायला निघाल्या होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावरचा गठ्ठा बघितला, चाकं बघितली.

"पंप?"

"वडाळ्याला."

"शांतारामकडे?"

"त्याची पाळी आहे."

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, हँडलला अडकवलेलं छत्रीचं कव्हर काढलं आणि त्यातून छत्रीऐवजी काळा पत्र्याचा पंप बाहेर ओढला. हातभर लांब. कांबळेदादांच्या फळीवरचा तिसरा.

मी म्हणालो, "लीलाताई, हे दुसऱ्या कलमाच्या विरुद्ध आहे."

"आहे. व्हॉल द्या."

"तुम्ही सही केली होती."

"वसंतराव, पावणेतीन होऊन गेलेत. तुम्हाला हवा हवी आहे की माफीनामा?"

मी व्हॉल दिले. त्यांनी शाळेची कंपासपेटी उघडली. त्यात कंपास नव्हता, व्हॉलच्या रबराचे दोन तुकडे होते. कोरडं रबर पितळेवर चढत नाही. ते थुंकीने ओलं करायचं. ही गोष्ट मुलांना शिकवत नाहीत. त्यांनी तोंड फिरवून ती केली. मी सायकल भिंतीला टेकवून धरली, कारण चाक हललं तर पंपाच्या नळीचे आटे तुटतात. एका हाताने नळीजवळची बाजू घट्ट धरायची, दुसऱ्याने दांडा पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे. अर्धवट झटके मारणारा नुसता आवाज काढतो. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. ठराव लिहिताना माहीत नव्हतं.

मागचं चाक त्यांनी भरलं, पुढचं मी. प्रत्येकी शंभरावर दणके बसले असतील. येणारेजाणारे थांबून बघत होते. त्यांना आम्ही हँडबिलं वाटली. वेळ कशाला फुकट घालवायचा?

तीन वाजून दहा मिनिटांनी दोन्ही चाकं टणक होती. परळचा गठ्ठा लीलाताईंनी घेतला. मी पूल ओलांडून डिलाईल रोडच्या गेटवर पोचलो आणि सायकल उभी करून घाम पुसतो न पुसतो तोच भोंगा झाला. माणसं बाहेर आली. मी ओरडत होतो, "मैदान बंद, सभा इथेच, चाळीत," आणि हात हँडबिलं देत होते. संध्याकाळी पटांगण भरलं, जिने भरले, गॅलऱ्यांत बायका उभ्या राहिल्या. परळहूनही माणसं आली. मैदानाच्या कुलपापाशी कोणीच गेलं नाही असं म्हणत नाही, पण गेले ते चौकशी करत मागे आले.

पुढच्या रविवारी बैठकीत मी लीलाताईंविरुद्ध शिस्तभंगाचा ठराव मांडला.

मला कृतघ्न म्हणा. मी त्यांचे आभार आधी मानले होते, मनापासून. पण कलम ते कलम. ज्या पंपाने आपल्याला वाचवलं त्याच्यासाठी कलम वाकवलं तर उद्या कशासाठीही वाकेल. मी हे उभा राहून सांगत होतो. लीलाताई वहीवर पेन्सिल आपटत शांत बसल्या होत्या.

शांताराम उठला. कोपऱ्यातल्या त्याच्या पिशवीत हात घालून त्याने काळा पत्र्याचा पंप काढला आणि सतरंजीवर ठेवला. "माझोय लिही त्येच्यात," तो म्हणाला.

मग तिसऱ्याने काढला. मग चौथ्याने. पाचव्याचा सायकललाच होता, दांडीखाली, जाजमाच्या चिंधीत गुंडाळलेला. तो बाहेर जाऊन घेऊन आला. लीलाताईंनीही आपला ठेवला तेव्हा सतरंजीवर पाच पंप एका ओळीत पडले होते. सगळे एकाच दुकानातले.

"आणि सार्वजनिक?" मी विचारलं. माझा आवाज जरा बारीक झाला असावा.

"खाटल्याखाली," शांताराम म्हणाला. "मावली शेवटी तोफ. ती बांधली असती तर माझी पिशवी खंय ठेवू? डोक्यार?"

शांतारामची खोली परबकाकांच्या चाळीपासून तिसऱ्या इमारतीत आहे. म्हणजे मी गटारात व्हॉल शोधत होतो तेव्हा आमचा सगळ्यांत दमदार पंप माझ्यापासून हाकेच्या अंतरावर झोपला होता.

लीलाताईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "वसंतराव, ठराव एकमताने मंजूर झाला होता ना?"

"वहीत तसंच आहे."

"आणि पाळला किती जणांनी?"

एकाने. मी ते वहीत लिहिलं नाही, पण इथे लिहितो. शिस्तभंगाचा ठराव मी मागे घेतला आणि दुसरं कलम रद्द करायचा मांडला. तो खरोखरच एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी दादरचं प्रूफ देऊन परत येताना मी डिलाईल रोडला वळलो. कांबळेदादा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवलं. बुद्धाच्या तसबिरीच्या बाजूला खिळ्याला एक काळा पंप टांगला होता.

"तुमचा," ते म्हणाले. "तुमच्या त्या पहिल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून बाजूला ठेवलाय. पाच गेले, सहावा कधी ना कधी येणार."

"दादा, पाचही जण तुमच्याकडे आले आणि तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाही?"

"एकेकटे आले. प्रत्येक जण म्हणाला, वसंतरावांना सांगू नका." त्यांनी ट्यूब पिळून दोरीवर टाकली. "घ्या. पण या वेळी आधी एक चाक भरून बघा."

मी बघितलं.

तर रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांना माझं सांगणं असं. पंप हातभर लांब घ्या, पत्र्याचा घ्या, चकाकी बघू नका. घेण्याआधी दुकानातच त्याने एक चाक पूर्ण भरा. दांडीखाली लावा आणि सायकल सोडून जिना चढताना काढून बरोबर न्या. बरोबर व्हॉलचं रबर ठेवा. महिन्याला एक थेंब तेल. आणि पंपाविषयी मत मागायचं असेल तर ज्याचे हात काळे आहेत त्याचं मागा, ज्याचा आवाज मोठा आहे त्याचं नको. हे मी माझ्याविषयीच बोलतो आहे, म्हणून बोलायला हरकत नाही.

सार्वजनिक पंप आता आमच्या प्रेसमध्ये आहे. खिळ्यांच्या खणांत धूळ बसते आणि ती फडक्याने निघत नाही. शनिवारी मशीनमन पंपाच्या पायावर पाय देतो आणि नळी खणाकडे धरतो. धूळ पार फणसवाडीच्या रस्त्यापर्यंत उडते. नाना त्यावर फार खूश आहेत.

"वसंता," ते मला म्हणाले, "इतक्या वर्षांत तुझ्या ठरावाने झालेलं हे पहिलं काम."